वाचकांचे प्रश्न : बाजार तेजीत आणि मुलगा घरात

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की यावेळी नोकरीबद्दलचे प्रश्न पाठवा, तर पत्रांचा आणि मेलचा ढीगच आला. वाचायला बसले तेव्हा एक गंमत दिसली, निम्मी पत्रं भांडणाची आहेत. माझ्याशी नव्हे हो, घरातल्या घरात! एकाला वाटतं सगळं छान चाललंय आणि पोरं आळशी झालीत, दुसऱ्याला वाटतं सगळं बुडालंय आणि आता कोणालाच काही मिळणार नाही. मी स्वतः २२ वर्षं भरतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले, म्हणजे अर्ज वाचायचे, चाळायचे, बाजूला टाकायचे, त्यामुळे काही उत्तरं पुस्तकातली आहेत आणि काही माझ्या स्वतःच्या पापांची आहेत. नावं सगळ्यांची काढून टाकलीत.

ताई, नमस्कार. मुलगा २६ वर्षांचा, इंजिनियर आहे. आधीची कंपनी बंद पडली तेव्हापासून १४ महिने घरीच. रोज बातम्यांत सांगतात अर्थव्यवस्था जोरात, शेअर बाजार नव्या उच्चांकावर. मी म्हणतो काम करणाऱ्याला काम मिळतंच. तो म्हणतो बाबा तुम्हाला काही कळत नाही, सगळं खोटं आहे. मी १९८४ ला लागलो, ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितलं जाऊन भेट, दुसऱ्या दिवशी गेलो आणि चिकटलो ते रिटायर होईपर्यंत. आता आमचं बोलणं जवळपास बंद आहे. खरं कोणाचं? — एक बाप

काका, दोघांचंही खरं आहे आणि हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाहीये. तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींकडे बघताय आणि दोघंही त्याला "अर्थव्यवस्था" म्हणताय, भांडण तिथेच आहे.

शेअर बाजार म्हणजे काय, तर बाजारात नोंदलेल्या कंपन्या पुढे किती नफा कमावतील याबद्दल लोकांनी पैसे लावून बांधलेला अंदाज. त्यात नोकऱ्या कुठेच मोजल्या जात नाहीत, उलट एखाद्या कंपनीने हजार माणसं कमी केली की त्याच दिवशी तिचा शेअर वर गेला असंही होतं कारण खर्च वाचला ना! जीडीपी म्हणजे वर्षभरात किती माल आणि किती सेवा तयार झाल्या त्याचा हिशोब, तो कमी माणसांत जास्त झाला तरी आकडा वाढतोच. म्हणजे तुम्ही जे दोन आकडे मुलाच्या तोंडावर फेकताय त्यातला एकही त्याला बसायला खुर्ची आहे की नाही हे सांगत नाही.

खुर्च्यांचा आकडा बघायचा असेल तर अमेरिकेचा बघा, कारण तिथे रिकाम्या जागा दर महिन्याला मोजतात. जुलै २००९ मध्ये तिथे एका रिकाम्या जागेमागे सहापेक्षा जास्त बेकार माणसं होती. मार्च २०२२ मध्ये तेच उलटं, एका बेकार माणसामागे जवळपास दोन जागा. देश तोच, माणसं साधारण तीच, १३ वर्षांत काही पोरं एकदम आळशाची मेहनती झाली नाहीत. संगीत खुर्चीत सहा जणांना एक खुर्ची असेल तर जो बसला तो चपळ असतोच, नाही असं नाही, पण उरलेल्या पाच जणांना तुम्ही चपळपणाचं लेक्चर दिलंत तरी खुर्ची एकच राहणार.

आणि तरीही बसलेल्या माणसाला वाटतं की मी बसलो म्हणजे बसता येतं. १९३३ साली महामंदीचा अगदी तळ होता तेव्हा अमेरिकेत बेकारी २५ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे इतक्या वाईट वर्षातसुद्धा दर चौघांपैकी तिघं कामावर होते! त्या तिघांपैकी कितीतरी जण तेव्हाही घरी जाऊन म्हणत असतील की काम करणाऱ्याला काम मिळतंच. राग मानू नका, पण तुमचं वाक्य तिथलंच आहे.

बरं, माणूस कुठे उभा आहे यावर त्याला अर्थव्यवस्था कशी दिसते हे ठरतं, आणि ते नुसतं पगारावर नाही. मिशिगन विद्यापीठ १९४० च्या दशकापासून अमेरिकन लोकांना विचारतंय की तुम्हाला पुढचा काळ कसा वाटतो. २०१६ ची निवडणूक झाली आणि जिंकलेल्या पक्षाच्या लोकांना अचानक सगळं उजळ दिसायला लागलं, हरलेल्यांना अंधार, आणि २०२० नंतर बरोब्बर उलट. निकालाच्या आदल्या आठवड्यात आणि नंतरच्या आठवड्यात कारखाने तेच होते, दुकानं तीच होती. तेव्हा तुमच्या घरी जेवताना जे चाललंय ते जगभर चाललंय.

आता मुलाचं. "सगळं खोटं आहे" हेही बरोबर नाही, कारण वाईट काळातही दर महिन्याला लाखो माणसं कामाला लागतच असतात. अडचण अशी की जागा आणि माणूस दोन्ही असूनही एकमेकांना सापडत नाहीत, शोधायला वेळ लागतो, पैसा लागतो, जागा एका गावात माणूस दुसऱ्या गावात, पाहिजे ते कौशल्य थोडं वेगळं, वगैरे. पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि क्रिस्टोफर पिसारिडीस या तिघांना २०१० चं अर्थशास्त्राचं नोबेल याच कामासाठी मिळालं, म्हणजे विषय साधा वाटला तरी सोपा नाही. तुमच्या बाबतीत त्या ओळखीच्या गृहस्थांनी हा शोध एका वाक्यात संपवला होता. मुलाच्या बाबतीत तसं कोणी नाही.

एक काम करा. "काही झालं का?" हा प्रश्न महिनाभर विचारू नका. त्याऐवजी एकदा त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा मला यादी दाखव, अर्ज किती केलेस, फोन किती आले, इंटरव्ह्यू किती झाले. दोनशे अर्जांत एकही फोन नसेल तर गडबड रिझ्युमेत आहे किंवा तो चुकीच्या दारावर थापा मारतोय. फोन येतात पण पहिल्या इंटरव्ह्यूनंतर गप्प, तर बोलण्याची तयारी करायला हवी. शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन राहतोय तर तो चांगला उमेदवार आहे आणि गर्दी जास्त आहे, तिथे टिकून राहणं एवढंच हातात. तिन्हींवर औषध वेगळं आहे आणि "मेहनत कर" हे तिन्हींवरचं औषध नाही.

मी चार महिन्यांपूर्वी अर्ज करणंच सोडून दिलं. सरकारी आकड्यात मी बेकार म्हणून मोजला जातो का? — उगाच एक शंका

आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे नाही जात, आणि शंका उगाच मुळीच नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची व्याख्या जगभर वापरतात आणि ती अशी, की माणसाकडे काम नसावं, तो काम करायला मोकळा असावा, आणि नजीकच्या काळात (बहुतेक ठिकाणी गेल्या चार आठवड्यांत) त्याने काम शोधलेलं असावं. शोधणं थांबवलं की तुम्ही बेकारांच्या यादीतून बाहेर, "श्रमबाजाराबाहेर" असा तुमचा वेगळा रकाना. त्यामुळे बरेच लोक एकदम निराश होऊन घरी बसले तर बेकारीचा दर चक्क खाली येतो. दुसरी गंमत, त्या आठवड्यात तुम्ही पैशासाठी एक तास जरी काम केलं असेल तरी तुम्ही कामावर. एक तास! शेजारच्या मुलाची एक शिकवणी घेतलीत तरी.

यात कोणाचं कपट नाही, कुठेतरी रेघ मारायलाच लागते. पण पुढच्या वेळी कोणी बेकारीचा एकच आकडा सांगितला तर सोबत विचारा की किती टक्के लोक मुळात कामावर आहेत किंवा काम शोधताहेत. तो दुसरा आकडा पडत असेल तर पहिल्याची बढाई मारण्यात अर्थ नाही.

माझी छोटी कंपनी आहे. तीन जागा चार महिने रिकाम्या. १८० अर्ज आले, धड एकही नाही. लोक म्हणतात नोकऱ्या नाहीत, मी म्हणतो माणसं नाहीत. आजच्या पिढीला कामच नकोय असं माझं स्पष्ट मत. जाहिरात सोबत जोडली आहे, तुम्हीच बघा. — वैतागलेला मालक

जाहिरात बघितली. बरं झालं जोडलीत ते.

वरती लिहिलंय "एंट्री लेव्हल". त्याच्या खाली दोन ओळी सोडून "किमान ३ वर्षांचा अनुभव आवश्यक". मग सात सॉफ्टवेअरची नावं, त्यातली दोन एकमेकांच्या जागी वापरायची आहेत, म्हणजे ज्याला एक येतं त्याला दुसरं येण्याचं काही कारणच नाही. मग "दबावाखाली काम करण्याची तयारी", "वेळेचं बंधन नसावं", आणि पगाराच्या जागी "इंडस्ट्री स्टँडर्डप्रमाणे". साहेब, १८० जणांनी अर्ज केला हेच खूप झालं म्हणायचं. ज्याच्याकडे खरोखर तीन वर्षांचा अनुभव आहे तो एंट्री लेव्हल वाचून पुढे जातो, ज्याच्याकडे नाही तो प्रामाणिक असेल तर पुढे जातो, राहतात ते न वाचता अर्ज ठोकणारे. तुमच्याकडे आलेत ते बहुतेक हे तिसरे.

पण तुमच्या बाजूनेही बोलते. नवीन पोराला सहा महिने शिकवायचं आणि तो तयार झाला की समोरच्या कंपनीने जास्त पगार देऊन उचलायचा, मग शिकवायचं कशाला असं प्रत्येक मालकाला वाटतं आणि त्यात तथ्य आहे. गॅरी बेकर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६० च्या दशकात हेच मांडलं होतं की जे कौशल्य कुठल्याही कंपनीत चालतं त्याच्या शिक्षणाचा खर्च कंपनी स्वतःहून करणार नाही, तो कामगारानेच कमी पगाराच्या रूपाने सोसायचा. त्याला १९९२ मध्ये नोबेल मिळालं. झालंय असं की सगळ्यांना शिकलेला माणूस हवा आणि शिकवायला कोणीच तयार नाही, मग मधे जी दरी पडते तिला एका बाजूचे लोक "बेकारी" म्हणतात आणि दुसऱ्या बाजूचे "टॅलेंट मिळत नाही" म्हणतात. दरी एकच.

पदवीचंही तसंच. मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं की मालकाला उमेदवार आतून कसा आहे ते दिसत नाही म्हणून तो डिग्रीसारखी खूण बघतो, त्या डिग्रीचा कामाशी संबंध असो नसो. माणसं मुबलक असली की खुणा वाढत जातात, आधी पदवी चालायची तिथे पदव्युत्तर मागतात. माणसं मिळेनाशी झाली की त्याच जाहिराती गपचूप सैल होतात. अमेरिकेत २००८ च्या मंदीनंतर जाहिरातींचा अभ्यास झाला त्यात हे दोन्ही दिसलं. म्हणजे "आवश्यक" लिहिलेलं सगळंच आवश्यक नसतं, हे मी बावीस वर्षांच्या अनुभवानेही सांगते.

तेव्हा पिढीबद्दलचं मत राहू द्या बाजूला आठवडाभर आणि जाहिरात पुन्हा लिहा. पगाराचा आकडा टाका. रोज लागणारी दोनच कौशल्यं ठेवा. अनुभवाची अट काढा आणि त्याऐवजी तुमच्याकडचं एक छोटं खरं काम अर्ध्या दिवसासाठी करून घ्या, त्याचे पैसे देऊन, फुकट नाही! मग मला पुन्हा लिहा, तेव्हाही माणूस मिळाला नाही तर मी तुमच्या बाजूने लेख लिहीन.

मुलाच्या आजारपणासाठी सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडली. आता तो ठीक आहे, मला परत काम करायचंय. अकाउंट्सचा ९ वर्षांचा अनुभव आहे पण फोनच येत नाहीत. एकाने विचारलं इतकी वर्षं काय करत होतात, मी रडायचीच बाकी होते. — परत यायचंय

ताई, आधी कबुली देते.

माझ्या टेबलावर संध्याकाळी सहा वाजता तीनशे अर्जांचा गठ्ठा असायचा आणि सकाळी दहाला त्यातले पंधरा वरती न्यायचे असायचे. एका अर्जाला वीस सेकंद, हातात पेन्सिल. पेन्सिल पहिली जायची ती तारखांवर, या नोकरीतून कधी सुटली आणि पुढच्यात कधी लागली, मधे जागा दिसली की कोपऱ्यात फुली. त्या बाईने त्या काळात काय केलं, का केलं, हा विचार करायला एकविसावा सेकंद नव्हता. फुली मारलेल्यांत तुमच्यासारख्या किती असतील मला माहीत नाही. आता पेन्सिलीचं काम सॉफ्टवेअर करतं, बऱ्याच कंपन्यांत सहा महिन्यांपेक्षा मोठी गॅप दिसली की अर्ज माणसाच्या डोळ्यापर्यंत पोचतच नाही.

हे माझ्या एकटीचं पाप नव्हतं याचाही पुरावा आहे. २०१३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात तीन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या शंभर मोठ्या शहरांत सुमारे १२,००० बनावट अर्ज पाठवले, बाकी सगळं सारखं ठेवून फक्त किती महिने बेकार ते बदललं. पहिल्या आठ महिन्यांत फोन येण्याचं प्रमाण झपाट्याने घसरत गेलं. आणि त्यातली खरी मेख अशी, की जिथे रोजगाराची परिस्थिती चांगली होती तिथे ही घसरण जास्त तीव्र होती! का, तर मंदीत मालक म्हणतो बिचाऱ्याची वेळ वाईट, आणि तेजीत म्हणतो सगळ्यांना मिळतंय मग हिलाच का नाही, हिच्यातच काहीतरी असणार. पहिल्या पत्रातल्या काकांनी हे वाचावं, घरात आपण जे बोलतो तेच ऑफिसात अर्ज चाळताना होतं.

आईपणाचं वेगळंच. २००७ च्या एका अमेरिकन अभ्यासात सारख्याच पात्रतेच्या बायकांचे अर्ज पाठवले होते, फरक फक्त अर्जातून ती आई आहे हे कळतं की नाही एवढाच. आई असलेल्यांना साधारण निम्मेच फोन आले. वडील असलेल्या पुरुषांना असा फटका बसला नाही.

करायचं काय? गॅप लपवू नका, तारखांत खाडाखोड तर अजिबात नको, पकडलं तर तिथेच संपतं. एक सरळ ओळ लिहा, "या काळात कुटुंबातील आजारपणामुळे पूर्ण वेळ घरी होते, आता पूर्ण वेळ उपलब्ध आहे", बस, माफी नको, लांबण नको. इंटरव्ह्यूत विचारलं तरी एवढंच आणि लगेच पुढे कामाचं बोला. त्या ओळीच्या वर अलीकडची एखादी तारीख यायला हवी, कोणाचे दोन महिन्यांचे हिशोब लिहून द्या, नवीन करप्रणालीचा छोटा कोर्स करा, काहीही, कारण पेन्सिल असो की सॉफ्टवेअर, ते सगळ्यात वरची तारीख बघतं. आणि पोर्टलवरून मोठ्या कंपन्यांत अर्ज ढकलण्यात वेळ घालवू नका, तिथे मशीन आहे. छोट्या ऑफिसात जिथे मालक स्वतः अर्ज वाचतो तिथे जा, जुन्या ऑफिसातल्या लोकांना फोन करा. संकोच वाटतो म्हणाल तर पुढचं पत्र तुमच्यासाठीच आहे.

मामा म्हणतात त्यांच्या ओळखीच्या माणसाशी बोलतो. मला वशिल्याने लागायचं नाही, स्वतःच्या हिमतीवर लागायचंय. मित्र म्हणतात मी मूर्ख आहे. — तत्त्वनिष्ठ (वय २३)

मूर्ख नाहीस रे, पण दोन गोष्टींची गल्लत करतोयस. मामाने शब्द टाकला आणि तुझ्यापेक्षा लायक माणसाला डावलून तुला घेतलं तर तो वशिला. मामाने सांगितलं की अमुक ठिकाणी जागा आहे, अर्ज कर, आणि त्यांना सांगितलं की पोरगा बरा आहे एकदा भेटा, मग तू तुझ्या कामावर लागलास तर ती ओळख. पहिल्यात दबाव, दुसऱ्यात माहिती.

आणि माहिती कोणाकडून येते बघ. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या एका गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, त्यातल्या ५६ टक्के लोकांना ओळखीतून नोकरी लागली होती. १९७३ मध्ये त्याने जे छापलं त्यात असं निघालं की ओळखीतून लागलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकच त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटणारे होते. बाकीचे अधूनमधून भेटणारे, नाहीतर वर्षाकाठी एकदा. कारण सोपं आहे, जिवलग मित्राला जे माहीत असतं ते तुलाही माहीत असतंच, तुम्ही एकाच कट्ट्यावर बसता. जुना सिनियर, आधीच्या क्लासमधली मुलगी, लग्नात भेटलेला कोणाचा तरी जावई, हे लोक वेगळ्या घोळक्यातले म्हणून त्यांच्याकडे वेगळी बातमी. २०२२ मध्ये लिंक्डइन या नोकरी आणि ओळखींच्या वेबसाइटच्या दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या पाच वर्षांच्या प्रयोगांचे निष्कर्ष छापून आले, त्यातही जवळच्यांपेक्षा जरा लांबच्या ओळखीच नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडल्याचं दिसलं.

यात अन्याय आहेच. ज्याचे मामा, काका, वडील कोणीच ऑफिसात नाहीत त्याच्याकडे असे घोळकेच नसतात, आणि नुसत्या नावावरूनही माणसं गाळली जातात. २००४ च्या एका गाजलेल्या प्रयोगात बॉस्टन आणि शिकागोत सारखेच रिझ्युमे फक्त नाव बदलून पाठवले तर गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा ५० टक्के जास्त फोन आले. तेव्हा तुझी चीड बरोबर जागी आहे. पण तू मामाला नाही म्हटल्याने मामा नसलेल्या पोराचं काही भलं होत नाही. मामाला हो म्हण, आणि तू लागलास की तुझ्या ऑफिसात निघालेली जागा ज्याला मामा नाही त्याला कळव.

यंत्रं, बाहेरून आलेले लोक आणि रिटायर न होणारे म्हातारे, या तिघांनी आमच्या नोकऱ्या खाल्ल्या. यावर लिहायची हिंमत आहे का? — परखड

हिंमत आहे, जागा कमी आहे. नोकऱ्या म्हणजे ठरलेल्या वजनाचा गठ्ठा, एकाने उचलला की दुसऱ्याला कमी, असं आपल्याला वाटतं. डी. एफ. श्लॉस नावाच्या इंग्रज माणसाने १८९१ मध्येच या समजाला चूक म्हटलं होतं. आलेला माणूस काम करतो तसा खर्चही करतो, त्या खर्चातून दुसऱ्याचं काम निघतं. १९८० मध्ये क्युबातून सुमारे सव्वा लाख लोक काही महिन्यांत अमेरिकेत उतरले, त्यातले निम्मे तरी मायामीतच राहिले, आणि त्या शहरातले कामगार एकदम ७ टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड या अर्थतज्ज्ञाने १९९० मध्ये तपासलं तर तिथल्या आधीच्या लोकांच्या पगारावर किंवा बेकारीवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. जॉर्ज बोर्जासने नंतर तीच आकडेवारी वेगळी कापून म्हटलं की शाळा अर्धवट सोडलेल्यांचे पगार पडले होते, आणि त्यावरून अर्थतज्ज्ञांत अजून जुंपलेली आहे.

यंत्रांचंही तसंच. एटीएम आले तेव्हा बँकेतले कॅशियर संपणार असं सगळे म्हणत होते, अमेरिकेत एका शाखेतले कॅशियर खरंच कमी झाले, पण शाखा चालवणं स्वस्त पडल्यामुळे शाखा वाढल्या आणि एकूण कॅशियर बरीच वर्षं कमी झाले नाहीत. हातमागावरच्या इंग्लिश विणकरांचं मात्र एकोणिसाव्या शतकात वाटोळंच झालं, पुढे कारखान्यांत लाखो नोकऱ्या निघाल्या पण त्या त्यांना मिळाल्या नाहीत. गठ्ठा वाढतो हे खरं, पण ज्याच्या हातातून गेला त्याच्याच हातात परत येईल असं नाही. म्हणून तुमचा राग मला खोटा वाटत नाही, बोट फक्त चुकीच्या माणसाकडे आहे. ज्याचं काम यंत्राने घेतलं त्याला नवीन काम शिकेपर्यंत सांभाळणार कोण, हा प्रश्न विचारा. तो म्हाताऱ्याला विचारून उपयोग नाही.

मुलगा दीड वर्षं घरी आहे. दिवसभर वेळच वेळ, पण एक बल्ब बदलायला सांगितला तर तीन दिवस. वाचनाचं केवढं वेड होतं, आता पुस्तक उघडत नाही. वडील म्हणतात आळस अंगात भिनलाय. मला तसं वाटत नाही पण मला ते सांगता येत नाही. — आई

तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे आणि ते कोणीतरी नव्वद वर्षांपूर्वी मोजून ठेवलंय.

व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं एक गाव होतं, सगळं गाव एका कापड गिरणीवर. गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तिघं संशोधक आपल्या सहकाऱ्यांना घेऊन १९३१ च्या शेवटी तिथे गेले आणि बारीकसारीक सगळं टिपलं. लोकांना वाटेल आता वेळ मिळाला तर लोक वाचतील, पण गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली होती, वर्गणी माफ केलेली असूनही. ते खिडकीत घड्याळ घेऊन बसले आणि रस्त्यावरून जाणारे लोक किती वेगाने चालतात ते मोजलं. पुरुष हळू चालायचे आणि मधेच थांबायचे, बायका त्यांच्यापेक्षा भरभर चालायच्या, कारण बायकांना घरी काम होतं, मुलं होती, संध्याकाळ व्हायच्या आत उरकायचं काहीतरी होतं. पुरुषांना दिवसभरात काय केलंत विचारलं तर दोन-तीन गोष्टींपलीकडे आठवायचंच नाही. हीच माणसं दोन वर्षांपूर्वी पाळी लावून गिरणीत राबत होती, म्हणजे आळस भिनायचा प्रश्नच नव्हता.

याहोदा पुढे आयुष्यभर हेच सांगत राहिली की नोकरी पगाराशिवाय आणखी पाच गोष्टी देते. दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, आपण मिळून काहीतरी करतोय ही भावना, समाजात एक ओळख, आणि हातापायाला नेमाने काम. पगार बंद झाला की तो दिसतो. बाकीच्या पाच गोष्टी बंद झालेल्या कोणाला दिसत नाहीत, मग घरचे त्याला आळस म्हणतात.

तेव्हा बल्ब राहू द्या. त्याला आठवड्यातून दोन दिवस ठरलेल्या वेळी घराबाहेर, घरच्या माणसांशिवाय दुसऱ्या कोणासाठी तरी करायचं काम मिळवून द्या. एखाद्या वाचनालयात, मुलांना गणित शिकवायला, कोणाच्या दुकानाचा हिशोब लावायला, आणि वेळ सकाळचीच घ्या, दुपारची घेतली तर सकाळ लोळण्यात जाईल. अर्ज करायलाही ठरलेले दोनच तास आणि ते संपले की लॅपटॉप बंद, दिवसभर फोनकडे बघत बसायचं नाही. आणि वडिलांना हे पत्र वाचून दाखवू नका, मासिक नुसतं टेबलावर उघडं ठेवून द्या. पहिल्या पत्रातले काका वेगळे आहेत असं मी धरून चालतेय हं, पण तुम्ही दोघं एकाच घरातले निघालात तर मला कळवा.